आकाशातील मापाची तपासणी

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाणी, पाककृतींची स्पर्धा आणि बक्षीससमारंभ यांच्या मधोमध एक विज्ञानाचे भाषण बसवण्याचे धाडस आपल्या चिटणीसबाईंनी केले, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानते. मी शाळेत अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. त्यामुळे फळा नसला की माझे हात मोकळे पडतात; पण आज फळ्यावाचूनच बोलणार आहे आणि आकडे बेताचेच सांगणार आहे.

विषय आहे उपग्रहाचा. निमंत्रण देताना एका भगिनीने मला विचारले होते, "बाई, उपग्रह आकाशात गेला, पेढे वाटून झाले. मग तीन महिने तो कामाला लागत नाही, हे कसे? एवढा पैसा खर्चून पाठवला आणि नुसता फिरवत ठेवला?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर देणे हेच माझे आजचे भाषण.

३० जुलै २०२५ रोजी सायंकाळी श्रीहरिकोट्याहून निसार नावाचा उपग्रह उडाला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. आपली इस्रो आणि अमेरिकेची नासा या दोन संस्थांनी मिळून तो बांधला. वजन सुमारे २,४०० किलो, उंची जमिनीपासून सुमारे ७४७ किलोमीटर. दर बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेने येतो आणि एका फेरीत २४० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो. नागपुरापासून अकोल्यापर्यंत सरळ दोरी धरली तर जेवढी लांबी भरेल, त्याहून थोडा अधिकच.

हा उपग्रह फोटो काढत नाही. फोटोला ऊन लागते, आणि आकाशही मोकळे लागते. आपल्याकडे धानाची रोवणी होते, कपाशी वाढते, नद्या दुथडी भरतात, ते सारे आषाढ-श्रावणात, जेव्हा वर ढगांचे छत असते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला त्या दिवसांत ढगांची पाठ तेवढी दिसते. निसारमध्ये रडार आहे. रडार स्वतःच रेडिओलहरी खाली सोडते आणि जमिनीवरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकते. त्या लहरींना ढग अडवत नाहीत, आणि रात्र-दिवस त्यांना सारखेच. निसारवर अशी दोन रडारे आहेत. एकाच्या लहरीची लांबी सुमारे २४ सेंटीमीटर. ते अमेरिकेत झाले. दुसऱ्याची नऊ सेंटीमीटरच्या आसपास. ते अहमदाबादच्या आपल्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झाले.

आता या प्रतिध्वनीवरून कळते काय? शांत पाण्यावर पडलेली लहर आरशावरून घसरावी तशी पलीकडे निघून जाते, परत येत नाही. म्हणून अंबाझरीचा तलाव रडारच्या चित्रात काळा दिसेल. कोरड्या, सपाट मातीवरून थोडा प्रतिध्वनी येतो, ओल्या मातीवरून अधिक, आणि घरांच्या भिंतींवरून फार. माझे माहेर भंडारा जिल्ह्यातले, म्हणून धानाचे उदाहरण घेते. रोवणीच्या वेळी बांधीत पाणी साचलेले असते, तेव्हा ती चित्रात काळसर दिसते. पुढे रोप वाढते, काड्या-पाने दाट होतात, तशी तीच बांधी फेरीगणिक उजळत जाते. आधी काळी, मग उजळ, हा क्रम पाहून तज्ज्ञ म्हणतात, येथे धान आहे. आपल्या देशात भाताच्या क्षेत्राचा अंदाज रडारच्या चित्रांवरून बांधण्याची पद्धत आता रुळलेली आहे.

येथेच आपल्या प्रश्नाची मेख आहे. समजा, उपग्रहाचा कान बारा दिवसांत थोडा तीक्ष्ण झाला. कोणत्याही यंत्राचे असे होऊ शकते. ऊन लागले, थंडी लागली, एखादा भाग थोडा दमला किंवा तापला, की फरक पडतो. मग शेतात काही घडले नसतानाही चित्र उजळेल, आणि आपण म्हणू, पीक वाढले. उलट कान मंद झाला तर उभे पीक करपल्यासारखे वाटेल. म्हणजे फरक शेतातला की यंत्रातला, हे आधी ठरवता आले पाहिजे. ते ठरवण्याच्या कामाला शास्त्रीय परिभाषेत अंशशोधन म्हणतात. मी आपला घरगुती शब्द वापरते: माप तपासणे.

माप तपासण्याचे महत्त्व बायकांना सांगावे लागत नाही. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत शेर, पायली जाऊन किलो, लिटर आले. पण माप बदलले तरी गृहिणीची नजर बदलली नाही. वाण्याच्या वजनावर सरकारी शिक्का आहे का, रिकामा तराजू सरळ राहतो का, हे पाहिल्याशिवाय इतवारीत कोण खरेदी करते? शिक्का एकदा मारून भागत नाही. वजने झिजतात, म्हणून ती ठराविक मुदतीने पुन्हा तपासून घ्यावी लागतात. उपग्रहाचेही तेच.

आपण म्हणाल, मग हे सारे जमिनीवरच का नाही उरकले? उरकले होते. निसारची तपासणी बंगळुरूला निर्वात कोठीत, कडक उष्णता आणि थंडी देऊन झाली होती. त्याच्या तव्यासारख्या मोठ्या अँटेनाबद्दल तर असे झाले की, मिटलेल्या स्थितीत ती अपेक्षेपेक्षा अधिक तापेल असे चाचण्यांवरून वाटले. तेव्हा २०२४ साली ती उतरवून पुन्हा कॅलिफोर्नियाला पाठवली, तिच्यावर विशेष लेप दिला आणि परत आणली. त्यात उड्डाण लांबले. लोक म्हणाले, किती हा उशीर! पण आकाशात गेल्यावर लेप द्यायला कोणी जाऊ शकत नाही. उशिराचा तो काळ सार्थकी लागला असेच मी म्हणेन.

तरीही काही गोष्टी जमिनीवर कळतच नाहीत. ही अँटेना १२ मीटर व्यासाची आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारांच्या बारीक जाळीची, आणि वजन म्हणाल तर सुमारे ६४ किलो, एका धट्ट्याकट्ट्या माणसाएवढे. पृथ्वीवर एवढी नाजूक जाळी स्वतःच्या भाराने थोडी तरी झोल खाणारच. अंतराळात भारच नाही, तेथे तिचा आकार निराळा बसणार. शिवाय ती छत्रीसारखी मिटून नेली, अग्निबाणाची थरथर सोसली, आणि वर गेल्यावर एक नऊ मीटरचा हात पसरून, १५ ऑगस्ट २०२५ रोजी ती उघडली. स्वातंत्र्यदिनी फुललेले ते सोन्याचे फूल नेमके किती फुलले, त्याचे तोंड ठरलेल्या दिशेला केसभर तरी कमीअधिक आहे का, हे वरूनच तपासायचे.

ते कसे तपासतात? पाच रीतींनी सांगते.

पहिली रीत स्वतःचाच सूर लावण्याची. गवई मैफलीपूर्वी तंबोरा लावतो. तसे रडारमध्ये पाठवलेल्या लहरीचा एक लहानसा अंश बाहेर न जाऊ देता आतल्या आत स्वतःच्या कानाकडे वळवतात. जे पाठवले तेच ऐकू आले का, जोर तितकाच आहे का, हे त्यावरून कळते. रडारचे बरेच भाग एकत्र बोलतात. एकही बेसूर राहून चालत नाही.

दुसरी रीत मोठ्या, एकसारख्या अरण्याची. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनचे जंगल शेकडो किलोमीटर इतके सारखे दाट आहे की त्याचा प्रतिध्वनी कोठेही जवळजवळ सारखाच येतो. मग चित्रात पट्ट्याची एक कड उजळ आणि दुसरी मंद दिसली, तर दोष जंगलाचा नसतो. अँटेनाचे तोंड थोडे फिरलेले असते. निसारचा नेम आणि चित्रांचा उजळपणा तपासण्यासाठी या जंगलाचा उपयोग केला गेला. पोळी सगळीकडे सारखी भाजते की नाही, यावरून आपण तवा चुलीवर सरळ बसला आहे का ते ओळखतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी रीत मला सर्वांत आवडते. तिला कोनपरावर्तक म्हणतात. नाव जड, वस्तू साधी. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात ना, तसे धातूचे तीन पत्रे काटकोनात जोडायचे आणि हा कोपरा आकाशाकडे तोंड करून मैदानात ठेवायचा. अशा कोपऱ्यात शिरलेली लहर तिन्ही पत्र्यांवर आपटून जेथून आली तेथेच परत जाते. सायकलच्या मागचा लाल तुकडा मोटारीच्या दिव्यात चमकतो, तो याच नियमाने. पत्र्याची बाजू किती, हे ठाऊक असले की प्रतिध्वनी किती मोठा यायला हवा ते कागदावर गणित करून काढता येते. बाजू दुप्पट केली तर प्रतिध्वनी सोळापट होतो! मग उपग्रह डोक्यावरून जातो, चित्रात त्या जागी एक टपोरा ठिपका उमटतो. गणित म्हणते एवढा, उपग्रह म्हणतो एवढा. दोहोंतला फरक म्हणजे तराजूतली खोट. ती टिपून ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक चित्रात वजा करायची. निसारसाठी असे कोपरे अहमदाबादच्या परिसरात आणि भारतात आणखी काही ठिकाणी मांडले गेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका कोरड्या तळ्याच्या तळावर ते मांडलेले आहेत.

या कोपऱ्यांचा आणखी एक उपयोग. ते नेमके कोठे उभे आहेत हे आधीच काटेकोर मोजलेले असते. म्हणून चित्रातला ठिपका जागेवरून सरकला असेल तर लगेच ध्यानात येते. लहरीला जाऊन यायला सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून थोडा अधिक वेळ लागतो. त्या घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात दीडशे मीटरचा फरक पडतो. म्हणजे एकाचे शेत दुसऱ्याच्या नावावर जायचे!

पण हे पत्र्याचे कोपरे सांभाळावे लागतात. काटकोन जराही उघडला, पत्रा वाकला, पाणी साचले किंवा आत पाखराने घरटे केले, तर ते खोटी साक्ष देतील. म्हणून कोणीतरी उन्हात जाऊन ते पुसतो, कोन मोजतो, तोंड ठरल्या दिशेला आहे का ते पाहतो. कोट्यवधींच्या यंत्राची सचोटी शेवटी एका फडक्यावर आणि गुण्यावर अवलंबून राहते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

चौथी रीत शांतता ऐकण्याची. निवांत पाण्यावरून जवळजवळ काहीच परत येत नाही. तेव्हा यंत्राला जे ऐकू येते ती त्याची स्वतःचीच कुजबुज. ती किती, हे ठाऊक असावे लागते. नाहीतर मंद आवाजाला आपण अर्थ चिकटवत बसू.

आणि पाचवी रीत मातीची. उपग्रह ज्या दिवशी वरून जातो, त्याच दिवशी माणसे शेतात उतरतात. पिकाची उंची मोजतात, मातीचे नमुने डबीत घालून झाकण घट्ट लावतात. प्रयोगशाळेत ती माती वजन करून १०५ अंशांच्या भट्टीत वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. घटले तेवढे पाणी. पापड-कुरडयांचे घाणे वाळवणाऱ्या आपल्या हातांना यात शिकण्यासारखे काही नाही. पण सातशे किलोमीटर उंचीवरून 'ही माती इतकी ओली आहे' असे म्हणणाऱ्या यंत्राला आपला शब्द याच डबीशी ताडून पाहावा लागतो.

अशा तपासण्यांना नव्वद दिवसांची मुदत ठेवली होती. १९ ऑगस्टला पहिले भारतीय रडारचे चित्र मिळाले, गोदावरीच्या मुखाजवळच्या प्रदेशाचे. आपल्या नागनदीचे पाणी कन्हानला, तेथून वैनगंगेला, पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते. म्हणजे आपल्या गावचे पाणी जेथे समुद्राला भेटते, तीच जागा या नव्या डोळ्याने प्रथम पाहिली! पण चित्र सुरेख आले म्हणून कोणी हुरळले नाही. तपासणी चालूच राहिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहाचे खरे शास्त्रीय काम सुरू झाले.

माप तपासण्याची ही शिस्त आपल्या विदर्भाला नवी नाही. नागपुरात पाहुणे आले की आपण त्यांना झीरो माइलचा दगड दाखवतो. तेथून फार दूर नाही असे हिंगणघाट. तेथे विल्यम लॅम्बटन यांची समाधी आहे. त्यांनी १८०२ साली मद्रासजवळ हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला आणि दक्षिणेकडून मोजत मोजत ते वर आले. हैदराबादेहून नागपूरला येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचा अंत झाला. त्यांच्यापाशी शंभर फुटांची पोलादी साखळी होती. उन्हाने पोलाद वाढते, हे जाणून ते साखळी लाकडी पेट्यांत ठेवीत, शेजारी तापमापक ठेवीत आणि उष्णतेचा फरक हिशेबात धरीत. शेकडो मैल त्रिकोणाला त्रिकोण जोडत गेल्यावर पुन्हा जमिनीवर एक रेषा प्रत्यक्ष मोजून हिशेबाचा ताळा घेत. साखळीच्या जागी रडार आले. ताळा मात्र तोच आहे.

आपल्या देशाने निसारपूर्वीही हे काम केलेले आहे. २६ एप्रिल २०१२ रोजी रिसॅट-१ हा संपूर्ण भारतीय बनावटीचा रडार उपग्रह उडाला. त्याच्या प्रकल्पसंचालक होत्या तमिळनाडूच्या एन. वलरमती. त्या १९८४ साली इस्रोत रुजू झाल्या. त्यांचे नाव आपल्या मुलींना सांगावे म्हणून मुद्दाम घेते. पुढे १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच जातीचा ईओएस-०४ गेला. आणि ही चित्रे पाहून नकाशे तयार करणाऱ्या संस्था आपल्या नागपुरातच आहेत: इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राची मध्य विभागाची शाखा येथे आहे, आणि महाराष्ट्र शासनाचे दूरसंवेदन केंद्र १९८८ पासून येथेच आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हा विषय निवडला.

सप्टेंबर २०२३ मधली ती रात्र आपण विसरलेलो नाही. अंबाझरी भरून वाहिली, घराघरांत पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी पंचनामे करायला माणसे आली. आपण दारात उभे राहून त्यांना भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली, भिजलेली धान्याची पोती दाखवली. त्यांनी कमी लिहिले तर आपण भांडलोही. माणसाशी भांडता येते. पण यापुढे पिकाचा अंदाज, पुराचा नकाशा, कोळशाच्या खाणींवरची जमीन किती खचली त्याचा हिशेब, हे अधिकाधिक उपग्रहाच्या चित्रांवरून होणार. आकाशातून आलेल्या चित्राशी कोण भांडणार? गोंदियातली एखादी बाई म्हणाली, "माझ्या बांधीत धान होते हो, पाण्याने नेले," आणि चित्र म्हणाले, "तेथे काही नव्हते," तर कोणाचे खरे धरतील? ज्याच्या शब्दाला इतके वजन येणार, त्याचे वजन तितकेच कसून तपासले पाहिजे. खोट्या मापापेक्षा माप नसलेले बरे. कारण माप नसले तर निदान लोक विचारपूस तरी करतात.

म्हणून त्या तीन महिन्यांना मी वाया गेलेला वेळ म्हणत नाही. तेवढ्या अवधीत एका बलाढ्य साक्षीदाराला शपथ दिली गेली. आणि ती एकदाच देऊन संपत नाही. उपग्रह जिवंत आहे तोवर कोपरे पुसले जातील, जंगल पुन्हा पुन्हा पाहिले जाईल, मातीच्या डब्या भरल्या जातील. शेतात उभे राहून प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाच्या शब्दाला या साऱ्यात जागा आहे, इतकेच नव्हे, तर त्याच्या शब्दावरच यंत्राची परीक्षा होते, हे मला फार मोलाचे वाटते. ती जागा कधी पुसली जाऊ नये, याची काळजी मात्र नागरिक म्हणून आपण घ्यायची. निसारची माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. आपल्या घरातील शिकती मुले-मुली ती पाहू शकतील, आणि 'हे कशावरून?' असे विचारू शकतील. त्यांना तो प्रश्न विचारायला शिकवणे आपल्या हाती आहे.

अग्निबाण उडतो तेव्हा सारा देश टाळ्या वाजवतो. पत्रा पुसणाऱ्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. घर चालवणाऱ्यांना हे काही नवे नाही! तेव्हा आज आपण माझ्यासाठी ज्या टाळ्या राखून ठेवल्या असतील, त्या त्याच्यासाठी वाजवाव्यात, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.